रिव्हर्स प्रॉक्सी, मुक्काम पोस्ट खोपोली

पुणे-मुंबई खेपा घालणाऱ्या आपल्यासारख्या नोकरदारांसाठी खालापूर म्हणजे टोलनाका आणि कर्जत म्हणजे गाडी थांबल्यावर खिडकीतून घेतलेला वडापाव. फार तर कुणातरी मित्राचं फार्महाऊस. पण या दोन तालुक्यांत शंभर वर्षांपूर्वी जे उभं राहिलं, ते मी रोज ऑफिसात करतो त्या कामाशी इतकं जुळतं की एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. आज शनिवार, सुट्टी आहे. तेव्हा करून टाकतो.

काम म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी लावणं. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समजा एका कंपनीची तीन वेब ॲप्लिकेशन्स आहेत. एक पगाराचं, एक रजेचं, एक ग्राहकांच्या तक्रारींचं. तिन्ही वेगवेगळ्या मशीनवर, वेगवेगळ्या पोर्टवर, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या भाषांत लिहिलेली. वापरणाऱ्याला या भानगडीशी काही देणंघेणं नसतं, त्याला एकच पत्ता हवा असतो. मग दारात एक सर्व्हर बसवायचा. येणारी प्रत्येक विनंती तो घेतो, तिचा पत्ता वाचतो, मागच्या योग्य मशीनकडे पाठवतो, आणि तिकडून आलेलं उत्तर जणू स्वतःचंच आहे अशा थाटात परत देतो. दारातला हा गृहस्थ म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी. मागची मशीन म्हणजे बॅकएंड.

कन्फिगरेशन म्हणजे या गृहस्थाला दिलेली सूचनांची यादी. पत्त्यात अमुक शब्द असेल तर पगाराच्या मशीनकडे, तमुक असेल तर रजेच्या. एकाच कामासाठी तीन मशीन असतील तर आळीपाळीने तिघांकडे. त्यातलं एक दांडगं असेल तर त्याला वजन जास्त, म्हणजे काम जास्त. एक मशीन फक्त अडीअडचणीला राखून ठेवायचं. आणि एखादं मशीन उत्तर देईनासं झालं तर थोडा वेळ त्याच्या वाटेला जायचं नाही. बस, मुद्द्याचं एवढंच. बाकी सगळा तपशील.

आता हे सगळं कॉम्प्युटर बाजूला ठेवून पुन्हा वाचा. एक पत्ता, एक दार, मागे अनेक ठिकाणं, आणि गिऱ्हाईकाला मागचं काही दिसत नाही. मुंबईने असा करार विजेच्या बाबतीत १९१५ सालीच केला होता. बॅकएंड होते खालापूर आणि कर्जत तालुक्यांत.

त्याआधी मुंबईत काय होतं ते बघू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरणगावातल्या प्रत्येक गिरणीचा स्वतःचा बॉयलर, स्वतःचं वाफेचं इंजिन आणि स्वतःची चिमणी. कोळसा यायचा बंगालकडून किंवा बोटीने परदेशातून, म्हणजे लांबून आणि महाग. प्रत्येक गिरणीने इंजिनाची, तेलपाण्याची, फायरमनची आणि दुरुस्तीची वेगळी व्यवस्था ठेवायची. आपल्या भाषेत, प्रत्येक ॲप्लिकेशनने आपला सर्व्हर आपल्याच तळघरात ठेवून त्याचा जनरेटरही आपणच चालवायचा. चालत होतं. पण धूर होता आणि खर्चही होता.

लोणावळ्याच्या बाजूला धो धो पाऊस पडतो आणि लगेच पुढे घाट एकदम तुटून कोकणात उतरतो, ही गोष्ट सगळ्यांना दिसत होती. त्यातून वीज काढता येईल हा विचार पुढे आणला तो मुंबईतले आर्किटेक्ट डेव्हिड गॉस्लिंग आणि इंजिनिअर आर. बी. जॉइनर यांनी. जमशेदजी टाटांनी तो उचलून धरला. १९०४ मध्ये जमशेदजी गेले, पुढचं काम दोराबजींनी चालवलं. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० मध्ये निघाली. भांडवल बरंचसं इथलंच, त्यात संस्थानिकांचाही पैसा. फेब्रुवारी १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याजवळ वळवण धरणाची कोनशिला बसवली, आणि बरोबर चार वर्षांनी, फेब्रुवारी १९१५ मध्ये, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीज सुरू झाली. जगात महायुद्ध चालू असताना!

वाट कशी होती ते सांगण्यासारखं आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तीन तलावांत पावसाचं पाणी साठवायचं. ते कालव्यांतून खंडाळ्याच्या कड्याजवळच्या एका हौदापर्यंत आणायचं. तिथून जाडजूड लोखंडी पाइपांतून थेट खाली, खोपोलीला. उतार साधारण अर्धा किलोमीटर. हे पाइप खोपोलीतून डोंगराकडे पाहिलं की आजही दिसतात. खाली पाण्याचा झोत पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतो, चाक फिरतं, वीज होते.

यात गंमत अशी की हे पाणी मुळात इंद्रायणीच्या खोऱ्यातलं. वाटेत कुणी अडवलं नसतं तर ते आळंदीवरून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. धरणवाल्यांनी सह्याद्रीच्या माथ्यावर त्याचा पत्ता बदलला आणि ते अरबी समुद्राकडे वळवलं. आम्ही पत्ता बदलून विनंती दुसरीकडे पाठवतो त्याला रीराइट म्हणतो. इतका मोठा रीराइट माझ्या बघण्यात दुसरा नाही. त्याचे परिणाम आज शंभर वर्षांनंतरही मिटलेले नाहीत, पण त्याकडे नंतर येतो.

खोपोलीहून १,००,००० व्होल्टच्या लाइनने वीज ४३ मैल, म्हणजे साधारण ७० किलोमीटर, परळला आली. परळला रिसीव्हिंग स्टेशन होतं. तिथे व्होल्टेज उतरवून वीज गिरण्यांना द्यायची. गिरणीने इंजिनाच्या जागी मोटर बसवली की झालं.

परळचं हे स्टेशन म्हणजे मला दिसलेला पहिला रिव्हर्स प्रॉक्सी. का ते सांगतो. एक म्हणजे, गिरणीचा संबंध परळशी, खोपोलीशी नाही. दुसरं, परळच्या मागची आणि पुढची 'भाषा' वेगळी आहे. मागच्या बाजूला लाखभर व्होल्ट, कारण लांबचा पल्ला गाठायचा तर दाब जास्त ठेवावा लागतो, नाहीतर वाटेतच वीज तारा तापवण्यात जाते. पुढच्या बाजूला गिरणीला झेपेल असा दाब. आमचा प्रॉक्सीही हेच करतो. बाहेर कुलूपबंद एचटीटीपीएस बोलतो, आत साधं एचटीटीपी, आणि दोन्हीकडच्या मंडळींना एकमेकांची भाषा शिकावी लागत नाही. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागे काही बदललं तरी पुढच्याला त्याचा पत्ता लागत नाही.

ही तिसरी गोष्ट लवकरच कसाला लागली. गिरण्यांची भूक वाढली, खोपोली पुरेना. १९१६ मध्ये आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी निघाली. (नावावरून फसू नका. आंध्र प्रदेशाचा इथे काही संबंध नाही, ही मावळातली आंध्रा नदी, इंद्रायणीला मिळणारी.) तिच्यावर ठोकरवाडीला धरण, तिथून सह्याद्रीच्या पोटातून बोगदा, आणि खाली कर्जत तालुक्यात भिवपुरीला वीजघर. ते १९२२ मध्ये सुरू झालं. लोकलने जाणाऱ्यांना नेरळ आणि कर्जतच्या मध्ये भिवपुरी रोड हे स्टेशन लागतं, पण स्टेशनच्या नावात 'रोड' आलं की गाव लांब आहे असं समजायचं. वीजघर पार घाटाच्या पायथ्याशी, भिवपुरी कॅम्पला.

म्हणजे १९२२ मध्ये मुंबईच्या विजेला दुसरा बॅकएंड मिळाला. गिरणीतल्या जॉबरला त्याचं काही कळलं का? त्याची मोटर काल फिरत होती तशीच आज फिरत होती. आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. नवा सर्व्हर जोडला आणि एकाही वापरणाऱ्याचा फोन आला नाही, की तो दिवस चांगला गेला असं समजायचं.

तिसरा बॅकएंड भिरा. टाटा पॉवर कंपनी १९१९ मध्ये स्थापन झाली, मुळशीला धरण बांधलं आणि वीज १९२७ मध्ये भिऱ्याहून मिळू लागली. हे कर्जत-खालापूरच्या बाहेरचं, पण ते टाळून ही गोष्ट पुरी होत नाही. कारण इथे बॅकएंडमधली माणसं बोलली. ज्यांची गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती त्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. लढा काही वर्षं चालला. बापटांना तुरुंगवास झाला. धरण झालंच.

मुंबईत दिवा लावणाऱ्या माणसाचा यात दोष काय? सरळ उत्तर द्यायचं तर काहीच नाही. त्याने फक्त बटण दाबलं. बटणामागे परळ आहे, परळमागे भिरा आहे आणि भिऱ्यामागे मुळशीतलं कुणाचंतरी शेत आहे हे त्याला दिसणारच नाही अशीच तर सगळी रचना होती. आणि ती रचना वाईट होती असंही मी म्हणत नाही. तिच्याशिवाय शहर चालत नाही. पण गिऱ्हाईकाला मागचं दिसू न देणं हा जसा सोयीचा भाग आहे, तसाच तो विसरण्याचाही भाग आहे. हे दोन्ही एकाच पाकिटात येतात.

पुढे या तीन कंपन्या टाटा इलेक्ट्रिक कंपनीज अशा एकाच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. कागदावर तीन, दारावर पाटी एक. २००० मध्ये त्या रीतसर एकत्र होऊन एकच टाटा पॉवर झाली. आणि मुंबई शहरातल्या सामान्य माणसाला तर हेही नाव दिसत नव्हतं. त्याच्या घरी यायचं ते बेस्टचं बिल. बेस्ट घाऊक वीज घ्यायची आणि घरोघर वाटायची. म्हणजे प्रॉक्सीच्या पुढे आणखी एक प्रॉक्सी! आमच्याकडे पण असंच असतं. बाहेर एक मोठा सीडीएन, त्याच्या आत आमचा एनजिनएक्स, त्याच्या आत क्लस्टरचा आपला वेगळा दरवाजा. एखाद्या बिघाडाचा माग काढताना प्रत्येक दारावर टकटक करत आत जावं लागतं.

आता थोडं कामाचं बोलू. तीन वीजघरं एकाच जाळ्यावर चालत असताना कुणी किती काम करायचं हे ठरतं कसं? आमचा प्रॉक्सी विनंत्या मोजून वाटू शकतो. पहिली याला, दुसरी त्याला, तिसरी पलीकडच्याला. विजेत तसं करता येत नाही. वीज सुटी सुटी येत नाही, सगळी एकाच तारेत मिसळलेली असते. तिथे युक्ती वेगळी आहे आणि मला ती आमच्यापेक्षा सरस वाटते.

सगळी जनित्रं एकाच तालात फिरत असतात, सेकंदाला ५० आवर्तनं. मागणी वाढली की सगळ्यांवरच ओझं येतं आणि ताल किंचित मंदावतो. प्रत्येक यंत्रावर गव्हर्नर नावाची यंत्रणा असते. तिला ही मंदी जाणवते आणि ती पाण्याची सुई थोडी उघडते. मागणी घटली की उलट. कुणी किती दाद द्यायची ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं. म्हणजे खोपोली आणि भिवपुरीने क्षणाक्षणाला एकमेकांना फोन करायची गरज नाही. तारेतला तालच निरोप घेऊन येतो. किती वीज कुठून घ्यायची याचं वेळापत्रक माणसं ठरवतात, पण सेकंदा-सेकंदाचा हिशेब हा ताल सांभाळतो. आम्ही आजही बॅकएंड जिवंत आहे का ते पाहायला दर काही सेकंदांनी त्याला 'आहेस का रे?' विचारत बसतो, त्या मानाने हे फारच देखणं आहे.

आणखी एक बारकावा. समजा एकदम मोठी मागणी गेली. चाकावरचा झोत ताबडतोब थांबवायला हवा, नाहीतर चाक बेफाम फिरेल. पण अर्धा किलोमीटर उंचीवरून खाली येणारा पाण्याचा स्तंभ झटकन अडवला तर त्याचा धक्का पाइपच फोडेल. घरात नळ पटकन बंद केला की पाइपमधून ठण्ण आवाज येतो ना, तेच, पण डोंगराएवढं. म्हणून पेल्टन यंत्रात झोतापुढे एक पत्रा असतो. तो आधी आडवा येऊन झोत चाकावरून बाजूला वळवतो. पाणी वाहतच राहतं, फक्त चाकावर पडत नाही. मग सुई सावकाश बंद होते. आम्ही सर्व्हर बंद करताना याच क्रमाने जातो. आधी नवीन विनंत्या दुसरीकडे वळवायच्या, चालू असलेल्या पुऱ्या होऊ द्यायच्या, मग मशीन बंद. थेट वायर उपटणारा माणूस दोन्ही धंद्यांत फार दिवस टिकत नाही. :)

वजनांचाही हिशेब इथे आहे. तलाव भरतो चार महिने, वीज लागते बारा महिने. पाणी संपलं की पुढच्या जूनपर्यंत नवीन येत नाही. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र सुरू झालं आणि कामाची विभागणी सोपी झाली. औष्णिक केंद्र तापायला तासच्या तास लागतात, म्हणून ते एकदा सुरू केलं की शक्यतो बंद करायचं नाही. त्याने रोजचा ठरलेला भार उचलायचा. घाटाखालची वीजघरं काही मिनिटांत चालू होतात, म्हणून संध्याकाळी सगळे घरी येऊन एकदम दिवे-पंखे लावतात तेव्हा ती कामाला येतात. हळू उठणारा पण दिवसभर राबणारा एक, आणि हाकेसरशी धावणारा पण दमसासाने कमी असा दुसरा. प्रत्येक टीममध्ये असे दोघं असतात आणि दोघांचीही गरज असते.

वेबवर हाच प्रवास फार कमी वर्षांत झाला. १९९४ च्या सुमारास सर्नच्या वेब सर्व्हरमध्ये प्रॉक्सीची सोय आली, पण ती उलट दिशेची. ऑफिसातल्या माणसांना बाहेरच्या जगात नेणारी. १९९६ मध्ये अपाचीत प्रॉक्सी आली आणि स्क्विडही त्याच वर्षीचा. मग लोकांच्या लक्षात आलं की हाच दरवान आतून बाहेर पाहण्याऐवजी बाहेरून आत येणाऱ्यांसाठीही बसवता येईल. म्हणून नाव रिव्हर्स. १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने प्रत्येक विनंतीत होस्टचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे एकाच दारावर अनेक पाट्या लावणं सोपं झालं. विली तारो यांचा एचएप्रॉक्सी आला. ऑक्टोबर २००४ मध्ये इगोर सिसोएव्ह यांनी रशियात लिहिलेला एनजिनएक्स सगळ्यांसाठी खुला केला. एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या हा तेव्हाचा गाजलेला प्रश्न होता आणि त्याचं एक चांगलं उत्तर म्हणून तो आला. आज आपण मोबाइलवर जे काही उघडतो त्याच्या वाटेत यांच्यापैकी कुणीतरी बसलेला असतोच.

इथे एक तपशील मला फार बोलका वाटतो. एनजिनएक्सला तुम्ही काहीच सांगितलं नाही तर तो विनंती मागे पाठवताना त्यावर गिऱ्हाईकाने विचारलेलं नाव न घालता बॅकएंडचंच नाव घालतो. आणि बॅकएंडला विनंती कुठून आली असं वाटतं? प्रॉक्सीकडून. म्हणजे पडदा दोन्ही बाजूंनी पडतो. गिऱ्हाईकाला बॅकएंड दिसत नाही आणि बॅकएंडला गिऱ्हाईक दिसत नाही. लॉग उघडून पाहावं तर लाखभर विनंत्या, सगळ्या एकाच पत्त्यावरून! यावर उपाय म्हणून स्क्विडवाल्यांनी एक हेडर काढलं, एक्स-फॉरवर्डेड-फॉर. विनंतीला चिकटवलेली चिठ्ठी: हे मी विचारत नाहीये, अमुक माणूस विचारतोय. वाटेतला प्रत्येक दरवान त्या चिठ्ठीत भर घालतो. पुढे २०१४ मध्ये याचं रीतसर प्रमाणही झालं. म्हणजे लपवण्याची सोय आपोआप मिळते, ओळख मात्र मुद्दाम लिहून मागे पाठवावी लागते. कन्फिगरेशनमध्ये ती ओळ कुणीतरी हाताने टाकावी लागते.

विजेच्या तारेत अशी चिठ्ठी नाही. मात्र कधीकधी पडदा आपोआप फाटतो. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही लाइन्सवर बिघाड झाला होता. बाहेरचं जाळं कोसळलं तर मुंबईने स्वतःला तोडून घेऊन आपल्या वीजकेंद्रांवर उभं राहायचं, अशी आयलंडिंगची व्यवस्था शहरासाठी बरीच वर्षं होती. त्या दिवशी ती टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडमुळे बहुतेक लोक घरून काम करत होते, त्यांचे लॅपटॉप तासाभराने एकेक करून मिटले. तेव्हा टाटा पॉवरने जाहीर केलं की पुरवठा परत आणण्यासाठी हायड्रोची युनिट्स आणि ट्रॉम्बेची युनिट्स कामाला लावली आहेत. ते साहजिकच होतं. औष्णिक केंद्राला सुरू व्हायलाच आधी बाहेरून बरीच वीज लागते. पाण्याला काय, झडप उघडली की ते खाली येतं. जाळं पूर्ण अंधारात असताना पहिली काडी ओढायला जलविद्युत केंद्रासारखं दुसरं काही नाही. एरवी कुणाच्या ध्यानीमनी नसलेली घाटाखालची यंत्रं अशा दिवशी आठवतात.

पण रोजच्या हिशेबात ती आता केवढी उरली आहेत? खोपोली ७२ मेगावॉट, भिवपुरी ७५. दोन्ही मिळून १४७. मुंबईची मागणी अलीकडच्या उन्हाळ्यांत ४,००० मेगावॉटच्या वर जाते. म्हणजे कर्जत-खालापूरचा वाटा चार टक्क्यांच्याही आत. एके काळी ज्या खोपोलीवर गिरण्या फिरल्या ते आज यादीतलं एक लहानसं नाव आहे. उद्या कुणी कागदावर हिशेब मांडला की हे दोन बॅकएंड काढून टाकले तर दारात काही फरक पडेल का, तर उत्तर येईल, फारसा नाही.

आणि माझ्या मते इथेच खरी गोष्ट सुरू होते. कारण वीज करून झाल्यावर पाणी संपत नाही. ते वीजघरातून बाहेर पडतं आणि पुढे जातं.

भिवपुरीहून सुटलेलं पाणी पेज नदीत येतं. कोकणातल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर दगडगोट्यांवर येतात. पेज उन्हाळ्यातही वाहते ती या पाण्यामुळे. त्यावर कर्जतच्या आसपासच्या पाणीयोजना आहेत, राजनाल्याच्या कालव्यावर उन्हाळी भात आहे. पुढे पेज उल्हासला मिळते, आणि उल्हासमधून बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली पाणी उचलतात. तिकडे खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं, तीही त्यामुळे बारमाही झाली, आणि तिच्यावर रसायनीच्या कारखान्यांपासून कितीतरी गावांपर्यंत लोक अवलंबून आहेत. वीजघर थांबलं की नदी उतरते. डोंबिवलीच्या एखाद्या फ्लॅटमध्ये सकाळी सात वाजता येणाऱ्या पाण्यात मावळातल्या ठोकरवाडीचा वाटा असतो. डोंबिवलीकराला ते माहीत असायचं कारण नाही.

शंभर वर्षांपूर्वी परळच्या दारात उभं राहून आखलेल्या नकाशात या नद्यांना इतकी माणसं टेकतील असं कुणी मुद्दाम लिहिलं नव्हतं. बॅकएंडने आपलं ठरलेलं काम करता करता आणखी एक काम अंगावर घेतलं, आणि ते हळूहळू पहिल्याहून मोठं झालं. असं आमच्याकडे हमखास होतं. जुना कुठलातरी सर्व्हर असतो, त्याचं मूळ काम कधीच संपलेलं असतं. पण मध्ये कुणीतरी रोज रात्री त्यावरून एक फाइल उचलायला लागलेलं असतं, आणि ती फाइल नसेल तर सकाळी पगार होत नाहीत. प्रॉक्सीच्या कन्फिगरेशनमध्ये त्या फाइलचा उल्लेखही नसतो. कारण ते नातं दारातून जातच नाही, मागच्या अंगणातून जातं.

पाण्याच्या बाबतीत भांडणही उभं आहे. हे पाणी भीमेचं, म्हणजे पूर्वेकडच्या दुष्काळी भागाचं, ते पश्चिमेला का सोडता, ही मागणी अनेक वर्षांची आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७० च्या दशकात टाटांच्या प्रकल्पांनी पश्चिमेला किती पाणी वळवायचं यावर मर्यादाही घातली. (आमच्या भाषेत रेट लिमिट.) सोलापूरकडच्या शेतकऱ्याची तहान खरी आहे. मावळातून ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं दुःख खरं होतं. आणि पेजेच्या काठावर आज उन्हाळी भात लावणारा माणूसही तितकाच खरा आहे. यातलं कुणाचं पारडं जड, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि मेगावॉटचा आकडा तर मुळीच सांगू शकत नाही. कारण या तिघांपैकी एकही त्या आकड्यात मोजला गेलेला नाही.

म्हणून आता माझा एक साधा नियम आहे. यादीतून कुठलाही बॅकएंड काढायच्या आधी दारातला लॉग बघायचाच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. त्या मशीनपाशी जाऊन बघायचं की त्याच्यातून काय काय बाहेर पडतं आणि ते कोण उचलतं. आठवडाभर वेळ जातो, मॅनेजर कुरकुरतो, चालायचंच.

आणि पुढच्या वेळी कर्जतला आलात तर वडापाव झाल्यावर खोपोलीची लोकल पकडा. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. छोटासा प्रवास आहे. उतरल्यावर घाटाच्या बाजूला मान वर करून ते पाइप बघा, मग खाली पाताळगंगा बघा. एप्रिल-मे महिना असेल तर उत्तम. नदीला पाणी का आहे, हे तेव्हाच नीट समजतं.